दंडावरचा ग्लुकोज सेन्सर आणि तिसरी घंटा : एका प्रकाशयोजनाकाराचा आठ महिन्यांचा अनुभव

मी प्रायोगिक मराठी रंगभूमीवर प्रकाशयोजना करते आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहायचे धैर्य यायला मला बरीच वर्षे लागली. गेल्या आठ महिन्यांत मी दंडावर लावायचे, सतत ग्लुकोज मोजणारे अकरा सेन्सर वापरले. या वस्तूची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुतेक ठरल्या वेळी जेवणाऱ्या, ठरल्या वेळी झोपणाऱ्या आणि कामाच्या मध्ये उठून पाच मिनिटे बाजूला होऊ शकणाऱ्या माणसांची असतात. ज्यांना काम सुरू झाल्यावर जागचे हलता येत नाही, त्यांना या वस्तूचा काय उपयोग होतो आणि कुठे ती कमी पडते, हे कुणीतरी सविस्तर लिहायला हवे असे मला वाटत होते, म्हणून हा खटाटोप. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या पद्धतीची एकाहून अधिक उपकरणे बाजारात आहेत आणि माझे म्हणणे एका कंपनीपेक्षा या पद्धतीबद्दल अधिक आहे.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती असते. ती सोबत येणाऱ्या दट्ट्यातून दंडाच्या मागच्या बाजूला, शिक्का मारावा तशी एका दाबात बसते. चकतीच्या मधून निघणारी केसासारखी लवचीक तार जेमतेम अर्धा सेंटिमीटर कातडीखाली राहते. लावताना टाचणी लागावी तेवढे जाणवते, आणि पुष्कळदा तेवढेही जाणवत नाही. त्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया झाली की अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा काढून तो ब्लूटूथने फोनवर पाठवला जातो. मी वापरते तो सेन्सर चौदा दिवस चालतो, दर मिनिटाला नवा आकडा देतो आणि साखर ठरावीक मर्यादेखाली किंवा मर्यादेवर गेली की इशारा देतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण अनेकांचा अपेक्षाभंग तिच्यामुळेच होतो. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. पेशींच्या मधल्या द्रवातली साखर तो मोजतो, आणि रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. माझ्या व्यवसायातल्या माणसांना मी हे टंगस्टनच्या जुन्या दिव्याचे उदाहरण देऊन सांगते. दिव्यांचे नियंत्रण करणाऱ्या बोर्डावरची कळ आपण खाली ओढलेली असते, पण दिव्याची तार लगेच विझत नाही, ती लालसर होत हळूहळू मावळते. साखर स्थिर असते तेव्हा या अंतराने काही बिघडत नाही. ती भराभर घसरत असते तेव्हा मात्र फोनवर दिसणारा आकडा हा थोड्या वेळापूर्वीचा आकडा आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे लागते. घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि फोन मात्र ९५, म्हणजे सारे ठीक, दाखवतो आहे, अशा वेळी फोनवर विश्वास न ठेवता बोट टोचून रक्तातली साखर पाहायची, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही आणि कुणी मोडू नये.

माझे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर आमची माणसे दुपारी थिएटरवर पोहोचतात. आधीच्या नाटकाचे नेपथ्य निघायचे, आमचे लागायचे, आणि त्यातून उरलेल्या वेळात रंगमंचावरच्या आडव्या नळ्यांवर, म्हणजे बारवर, दिवे चढवून, केबली ओढून, उंच घडीच्या शिडीवर चढून एकेक दिवा फोकस करायचा. जेवण तिथे, जेव्हा आणि जसे मिळेल तसे. मग तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातले दिवे मावळतात आणि पुढचे दोन-अडीच तास बोर्डासमोर बसलेल्या माणसाला उठता येत नाही, बोलता येत नाही आणि डोळे रंगमंचावरून काढता येत नाहीत. नटाने श्वास घेतल्यावर आणि वाक्य सुरू करण्यापूर्वी, त्या एवढ्याशा फटीत क्यू द्यायचा, म्हणजे ठरलेला प्रकाशबदल करायचा असतो. तो अर्धा क्षण चुकला तर प्रेक्षकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी निसटल्याचे त्याला जाणवते.

आता याच अडीच तासांत बोट कसे टोचायचे? अंधाऱ्या खोलीत मांडीवर ग्लुकोमीटर, दातात धरलेला छोटा टॉर्च, स्ट्रिपच्या टोकाला रक्ताचा थेंब नेमका लागला की नाही हे पाहण्याची धडपड, आणि तेवढ्यात समोर पुढच्या क्यूचे वाक्य. माझ्या जुन्या क्यूशीट मी जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या कडांवर तपकिरी ठिपके आहेत, आणि कोणता ठिपका कोणत्या प्रवेशात पडला हे बहुतेक ठिकाणी मला आजही सांगता येते, कारण त्या प्रवेशांत मी नाटक पाहत नव्हते, बोट पाहत होते.

२०१९ मध्ये एका जिल्ह्याच्या गावी प्रयोग होता. दुसऱ्या अंकात एका स्त्रीचे दीर्घ स्वगत होते आणि ते संपताच पूर्ण अंधार व्हायचा होता. स्वगत संपले, ती नटी तशीच उभी राहिली, आणि मी समोरच्या कळांकडे पाहत बसले. कोणती कळ ओढायची हे मला कळत नव्हते. शेजारी बसलेल्या मुलाने हळूच म्हटले, "ताई, हात थरथरतोय तुमचा," आणि माझ्या वतीने त्यानेच दिवे उतरवले. प्रयोगानंतर मोजली तेव्हा साखर ४८ होती, आणि तीही दोन लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्यावर. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात ७० च्या खाली साखर गेली की ती कमी मानतात, आणि ५४ च्या खाली गेली की लगेच काही करणे भाग असते, कारण मेंदूला इंधन पुरत नाही आणि विचार करण्याची शक्ती आधी जाते. टाइप वन मधुमेह बरीच वर्षे असलेल्या माणसांत घाम, थरथर, भूक ही पूर्वसूचना देणारी लक्षणेही कालांतराने बोथट होऊ शकतात, आणि माझ्या बाबतीत तेच होऊ लागले होते. दिग्दर्शक त्या रात्री एवढेच म्हणाले की दौऱ्याने थकली असशील. मी होकार दिला. खरे कारण सांगितले तर पुढचे नाटक आपल्याला मिळणार नाही, या भीतीने दिलेला तो होकार होता, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

या पार्श्वभूमीवर सेन्सरने काय बदलले, हे सांगताना मी आकड्यापेक्षा आकड्याशेजारच्या बाणाबद्दल आधी लिहीन. ग्लुकोमीटर ११८ सांगतो आणि थांबतो. सेन्सर ११८ सांगतो आणि सोबत बाण दाखवतो. आडवा बाण असेल तर साखर स्थिर आहे, तिरका असेल तर ती हळूहळू सरकते आहे, आणि सरळ खाली असेल तर मिनिटाला दोनपेक्षा अधिक वेगाने उतरते आहे. १२० आणि आडवा बाण म्हणजे निर्धास्तपणे अंक सुरू करावा. १२० आणि सरळ खाली बाण म्हणजे हाच वेग राहिला तर पंचवीस मिनिटांत आपण ७० च्या खाली असू, तेव्हा तिसरी घंटा व्हायच्या आत काहीतरी खाल्लेच पाहिजे. आकडा एकच, पण निर्णय पूर्णपणे उलट. इतकी वर्षे मी बाणाशिवाय निर्णय घेत होते, आणि त्यांतले किती चुकले असतील याचा हिशेब आता करता येणार नाही.

सेन्सरने मला दाखवलेली सर्वांत मोलाची गोष्ट शुभारंभाच्या प्रयोगाशी संबंधित आहे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी माझी साखर नेहमीच वर असे. घंटेच्या आधी बोट टोचले की २४०, २५० असे आकडे दिसत. मी घाबरून थोडे जास्तीचे इन्सुलिन घेई आणि मग मध्यंतरानंतर साखर कोसळे. वर्षानुवर्षे मला वाटत होते की माझाच हिशेब चुकतो. सेन्सर लावून पहिला शुभारंभ केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलेख उघडून कितीतरी वेळ पाहत बसले. दुपारच्या जेवणानंतर मी काही खाल्ले नव्हते, तरी सायंकाळी साडेआठपासून रेषा चढत गेली होती, पहिला अंक संपेपर्यंत वरच राहिली होती आणि मध्यंतरानंतर आपोआप उतरली होती. ती साखर खाण्यामुळे वाढलेली नव्हतीच. शरीर ताणात असते तेव्हा ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतात, आणि ताण ओसरला की ती वाढही ओसरते. मी घेत असलेले जलद इन्सुलिन नेमके तेव्हाच जोरात असे, जेव्हा ताण उतरत असे. दोन्ही उतार एकत्र आले की दुसऱ्या अंकात माझा तोल जाई. हा आलेख मी डॉक्टरांना दाखवला आणि शुभारंभाच्या दिवसासाठी त्यांनी मला वेगळा नियम आखून दिला. तो नियम इथे लिहीत नाही, कारण तो माझ्या शरीराच्या मापाचा आहे आणि दुसऱ्या कुणाला तो धोक्याचा ठरू शकतो. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी चाचणीत ही गोष्ट कधीच दिसली नसती. माझा तो आकडा ७.४ होता, म्हणजे फारसा वाईट नव्हता, आणि सरासरीत चढ आणि उतार दोन्ही झाकले जात होते.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमताने जी मार्गदर्शक उद्दिष्टे ठरली, त्यांनुसार बहुतेक प्रौढांची साखर दिवसातल्या ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० च्या दरम्यान असावी आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ असावी. ॲपमध्ये ही टक्केवारी रोज दिसते. मला ती परीक्षेच्या गुणांसारखी पाहायची सवय लागू पाहत होती. दौऱ्यातल्या एखाद्या दिवशी ५५ टक्के दिसले की मन खट्टू होई. आता मी ती आठवड्यातून एकदाच पाहते, आणि नव्याने सेन्सर घेणाऱ्यांनीही तसेच करावे असे सुचवीन.

दोष आता सांगते, आणि त्यांची सुरुवात अशा प्रसंगाने करावी लागेल ज्याने माझी झोप उडवली होती. शहरातल्या एका छोट्या रंगमंचावर प्रयोग होता. प्रेक्षक आणि मी एकाच खोलीत, मध्ये काचही नाही. शेवटच्या प्रवेशात चाळीस सेकंदांचा संथ फेड होता, संगीत नाही, शब्द नाही, फक्त एक म्हातारा माणूस खुर्चीत बसलेला आणि त्याच्यावरचा प्रकाश मावळत जाणारा. पंचविसाव्या सेकंदाला माझा फोन वाजला. फोन शांत ठेवलेला होता, पण साखर फार कमी झाल्याचा इशारा शांत फोनवरही वाजावा अशी परवानगी मी स्वतःच ॲपला दिली होती, आणि ती देण्याचे कारणही योग्यच होते, कारण झोपेत तोच आवाज जीव वाचवतो. समोरच्या दोन रांगा मागे वळल्या. त्या म्हाताऱ्याचे काम करणारे ज्येष्ठ नट हलले नाहीत. आवाज बंद करून मी तो फेड पूर्ण केला आणि पडदा पडल्यावर आधी ग्लुकोज घेतले, मग आत जाऊन त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "अगं, तू ठीक आहेस ना? मग झालं." त्यानंतर मी मनगटावर घड्याळ बांधायला सुरुवात केली. ॲपचे इशारे त्यावर फक्त कंपनाने येतात, आणि प्रयोगाच्या वेळेपुरता फोनवरचा आवाज मी बंद करते. ही सोय मात्र माझी मला शोधावी लागली. झोपेसाठीचा इशारा आणि कामाच्या वेळचा इशारा वेगवेगळे ठेवण्याची व्यवस्था माझ्या ॲपमध्ये एका जागी नाही. ज्यांना न्यायालयात, वर्गात, शस्त्रक्रियागृहात किंवा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काम करायचे आहे, त्या सर्वांना ही अडचण येणार, तेव्हा उत्पादकांनी तिकडे लक्ष द्यायला हवे.

दुसरा दोष दौऱ्यातल्या बसमध्ये कळला. प्रयोग संपवून, सामान भरून आम्ही रात्री दीडला निघालो आणि मी खिडकीला दंड टेकवून झोपले. तीन वाजता मनगट थरथरले, पाहते तर ५२. धडपडत डबी उघडून ग्लुकोज खाल्ले, मग बोट टोचले तर आकडा १३१. सेन्सर ज्या दंडावर आहे तो दंड दाबला गेला की तिथल्या द्रवाचा प्रवाह कमी होतो आणि आकडा खोटाच खाली जातो. कुशीवर झोपणाऱ्यांना हे घरीही होते. पण यातली कठीण गोष्ट अशी, की त्याच दौऱ्यात दुसऱ्या रात्री आलेला तसाच इशारा खरा होता. दिवसभर शिडीवर चढउतार आणि केबलींची ओढाताण झाली की स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढून घेत राहतात आणि ती पहाटे खाली जाते. म्हणून खोट्या इशाऱ्यांना कंटाळून खरा इशारा दुर्लक्षिला जाण्याचा धोका आहे. मी आता बसमध्ये सेन्सर नसलेल्या बाजूची खिडकी मागून घेते, आणि आमच्या मंडळींनी ती जागा माझ्यासाठी न सांगता सोडायला सुरुवात केली आहे.

चिकटपट्टीबद्दल थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यांत, वर तापलेले दिवे आणि खाली बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, अशा ठिकाणी घामाने कडा सुटतात. वरून लावायची वेगळी टेप मिळते, ती पहिल्याच दिवशी लावावी. कडा सुटल्यावर लावून उपयोग होत नाही. माझ्या कातडीला दोनदा पुरळ आले, ते जागा बदलल्यावर गेले.

तुलनेबद्दलही थोडक्यात लिहिते. सेन्सर लावल्यानंतरचे पहिले चोवीस तास मी तो धरत नाही, कारण त्या काळात माझे आकडे बरेच भरकटतात. दुसऱ्या दिवसापासून ग्लुकोमीटर ११८ म्हणतो तिथे सेन्सर ११२ म्हणतो, १६५ म्हणतो तिथे १७४, असा फरक राहतो, आणि तेवढ्याने माझा निर्णय बदलत नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशी सकाळी नवा सेन्सर कधीही लावू नये, आदल्या दिवशी लावावा. काही सेन्सरांत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या तर आकडा खोटाच वर दिसतो, म्हणजे खरी घसरण झाकली जाते. सर्दी झाली की अशा गोळ्या सहज घेणाऱ्या माणसांनी आपल्या सेन्सरची माहितीपत्रिका त्या दृष्टीने वाचून ठेवावी.

आता पैशाबद्दल, कारण शेवटी प्रश्न तिथेच येऊन थांबतो. मला एक सेन्सर साधारण पाच हजार रुपयांना पडला. वर्षभर सलग लावायचा तर २६ सेन्सर, म्हणजे एक लाख तीस हजार रुपये. स्ट्रिप दिवसाला पाच धरल्या तरी माझा वर्षाचा खर्च छत्तीस-सदतीस हजारांच्या आसपास जातो, आणि इन्सुलिनचा खर्च वेगळा. प्रायोगिक नाटकाच्या प्रकाशयोजनेचे मानधन ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढे सांगायची गरज नाही. माझ्या आरोग्य विम्यात हा खर्च बसत नाही, कारण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. मला हे पटत नाही. साखर कोसळून मी बेशुद्ध झाले तर रुग्णालयाचे बिल तोच विमा देईल, पण मी बेशुद्ध होऊ नये यासाठीच्या चकतीला देणार नाही. म्हणून मी तडजोड केली आहे. आठ महिने सलग लावले असते तर सतरा-अठरा सेन्सर लागले असते, मी अकरा वापरले. रंगीत तालमींपासून पहिल्या काही प्रयोगांपर्यंतचा काळ आणि दौरे, एवढ्या वेळी सेन्सर. एरवी, घरी बसून आराखडे काढण्याच्या दिवसांत, बोट आणि स्ट्रिप. ही तडजोड आदर्श नाही, पण मधून मधून वापरूनही आलेखातून जे शिकायला मिळाले ते सेन्सर नसलेल्या दिवसांतही कामी येते.

विक्रीनंतरच्या सेवेबाबत माझा अनुभव चांगला नाही. एक सेन्सर सहाव्या दिवशी बंद पडला. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांनी उत्पादकाकडे बोट दाखवले, तिथे फोनवर त्याच त्या प्रश्नांची उत्तरे तीनदा द्यावी लागली, आणि बदली सेन्सर आला तोपर्यंत ज्या दौऱ्यासाठी तो घेतला होता तो दौरा आटोपला होता. बदलून मिळाला, हे मान्य. पण दौऱ्यावर निघणाऱ्या माणसाने एक जास्तीचा सेन्सर आणि ग्लुकोमीटर, स्ट्रिपांसह, बरोबर ठेवलाच पाहिजे, हा धडा मला पाच हजार रुपये अडकवून शिकावा लागला.

आकडे घरच्या माणसांच्या फोनवर दिसण्याची सोय या पद्धतीत असते, आणि तिच्याविषयी माझे मत दोन्ही बाजूंनी आहे. आई साताऱ्याला असते. पहिल्याच आठवड्यात भर तालमीत तिचा फोन आला, "अगं, बाण खाली दाखवतोय, काही खाल्लंस का?" मी खाल्ले होते. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. तिसऱ्यांदा मी चिडून बोलले आणि रात्रभर मला त्याची टोचणी लागली. माझ्या तेराव्या वर्षी रात्री दोन-दोन वेळा उठून माझे बोट टोचणारी तीच होती, आणि तिच्या हातून ते काम सुटून किती वर्षे झाली असली तरी तिची झोप काही तेव्हापासून सलग झालेली नाही. मग आम्ही ठरवले की साखर ६० च्या खाली गेली तरच तिच्या फोनवर इशारा जाईल, आणि तेव्हाही तिने मला नव्हे, तर माझ्याबरोबर बोर्डावर बसणाऱ्या मुलाला फोन करायचा. त्या मुलाचे घड्याळही प्रयोगात कंपनावर असते. आठ महिन्यांत तिने त्याला दोनदाच फोन केला आणि दोन्ही वेळा तिचे बरोबर होते.

त्या मुलाला सांगायचे म्हणजे माझा आजार मंडळींत उघड करणे आले. चकती बाहीखाली लपते, पण शिडीवर हात वर केला की दिसते. दिसली की लोक विचारतात, आणि दंडावरच्या चकतीबद्दल खोटे बोलणे मला जमेना. वासिम अक्रमला १९९७ मध्ये टाइप वन मधुमेहाचे निदान झाले आणि त्यानंतर २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय क्रिकेटमधला पाचशेवा बळी त्याने घेतला. ब्रिटनच्या पंतप्रधान असताना थेरेसा मे दंडावर असाच सेन्सर लावून, तो न झाकता समारंभात गेल्या होत्या. ही उदाहरणे मला पूर्वीही ठाऊक होती, पण आपल्या पोटापाण्याची वेळ येते तेव्हा विश्वचषक आणि पंतप्रधानपद फार दूरचे वाटते. भीती निराधारही नसते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत टाइप वन मधुमेहाचा समावेश नाही, आणि नाटकासारख्या तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या क्षेत्रात तर पुढचे काम कुणी का दिले नाही हे कधी कळतही नाही. मी दिग्दर्शकाला सांगितले तेव्हा फोन पुढे करून आलेख दाखवला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "दुसऱ्या अंकात तुला खायला वेळ मिळेल असा एखादा स्थिर प्रवेश आहे का?" आम्ही संहिता उघडली. होता. चार मिनिटांचा, एकही क्यू नसलेला. इतक्या वर्षांत मी तो स्वतः कधी शोधला नव्हता, कारण शोधायचा तर कुणाला तरी कारण सांगावे लागले असते.

त्या चार मिनिटांसाठी माझ्या शेजारी एक डबी असते. लिमलेटच्या गोळ्यांची चुरचुरणारी वेष्टने दुपारीच काढून टाकलेली, सोबत ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून भरलेली छोटी बाटली, एका वेळी १५ ग्रॅमच्या मापाने, आणि ते घेऊन पंधरा मिनिटे वाट पाहायची. या पंधरा मिनिटांत सेन्सरचा आकडा वर येण्यास उशीर लागतो आणि घाबरून आणखी खाल्ले जाते. तेव्हा उपचारानंतर बरे वाटते आहे की नाही ते शरीराला विचारावे, शंका असेल तर बोटाला विचारावे, आणि सेन्सरला सवड द्यावी.

ही वस्तू कुणी घ्यावी? इन्सुलिन घेणाऱ्या, आणि काम मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन सेन्सर, म्हणजे एक महिना, वापरून पाहावेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतही ज्यांना साखर कमी झाल्याचे आपोआप कळणे बंद होत चालले आहे, त्यांनी इतर खर्च मागे सारून ही सोय करावी. केवळ कुतूहलापोटी, मधुमेह नसताना, आकडे पाहण्यासाठी घेणाऱ्यांना मी हे सुचवणार नाही. ज्यांच्याकडे अजून पुरेशा स्ट्रिप नाहीत किंवा ज्यांना आलेख दाखवून चर्चा करता येईल असा डॉक्टर नाही, त्यांनी आधी त्या दोन गोष्टी पाहाव्यात. पाचपैकी गुण द्यायचेच तर वस्तूला साडेचार, तिच्या किमतीला दोन आणि मला मिळालेल्या विक्रीपश्चात सेवेला दीड.

येत्या शुक्रवारी नव्या नाटकाचा शुभारंभ आहे. बारावा सेन्सर गुरुवारी सकाळी लावायचा आहे, डाव्या दंडावर, कारण या थिएटरात बोर्डाच्या उजव्या बाजूला भिंत आहे आणि अडीच तासांत दंड तिला टेकतोच.